दूधसागरची वाट

आमच्या भागात दूधसागर 'बघायला' जायची रीत फार जुनी नाही. गाव खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, लोंढ्याच्या बाजूचं. तिथून धबधबा सरळ रेषेत धरला तर काही कोसांवर. तरी माझ्या आज्जीनं तो उभ्या आयुष्यात बघितला नव्हता. कुणी विषय काढला तर म्हणायची, "पानी पडतंय, त्यात काय बगायचं? पावसाळ्यात आमच्या परड्यात बी पडतंय." आज्यानं मात्र रेल्वेच्या गँगमध्ये राहून त्या घाटात एकोणतीस पावसाळे काढले. त्याला विचारलं, कसा दिसतो रे दूधसागर, तर तो म्हणायचा, "दिसतोय कुटं? धुकं असतंय. ऐकू येतोय."

आता शनिवार-रविवारी बेळगाव, पुणे, बेंगळुरूहून पोरं झुंडीनं येतात. त्यांना दोष नाही, धबधबा आहेच तसा. पण आमच्या घरातल्या दोन म्हाताऱ्या माणसांनी त्याकडं असं का बघितलं, आणि मधल्या काळात काय बदललं, हे मांडून ठेवावंसं वाटतं. कारण त्या पाण्याभोवतीचं रान टिकलं कसं आणि पुढं टिकेल का, याचं उत्तर त्यातच आहे.

आधी जागा सांगतो. घाटमाथ्यावरच्या रानातून ओढे गोळा होत येतात आणि गोवा-कर्नाटकाच्या हद्दीवर सह्याद्रीची कड संपते तिथून खाली पडतात. उंची ३१० मीटर, म्हणजे हजार फुटांच्या वर. एकदम नाही, चार टप्प्यांत. पाणी खडकावर आपटून पांढरं फेसाळतं, म्हणून दूधसागर. राजकन्या तळ्यात आंघोळ करत होती, कुणी तरुण तिला बघायला लागला, तेव्हा सोन्याच्या घागरीतलं दूध ओतून तिनं आडोसा केला, अशी गोष्ट सांगतात. खाली उतरलेली ही नदी पुढं खांडेपार नावानं वाहते आणि मांडवीला मिळते. वाटेत ओपा गावी तिचं पाणी उचलून, शुद्ध करून फोंडा आणि पणजीकडं नळानं जातं. पणजीत चहा पिणाऱ्याच्या कपात दूधसागरचं पाणी असतं, हे फार थोड्यांच्या ध्यानात येतं.

रेल्वेच्या आधी या घाटातून माणसं जातच नव्हती असं नाही. कोकणपट्टीतून देशावर चढायच्या वाटा पुरातन आहेत. लमाण्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या टाकून घाट उतरत. जाताना देशावरचं धान्य न्यायचं आणि येताना किनाऱ्यावरचं मीठ, नारळ, सुकी मासळी आणायची. मीठ हा त्यातला राजा. देशावरच्या माणसाला बाकी सगळं शेतात पिकवता येतं, मीठ पिकवता येत नाही. या वाटा किती जुन्या, त्याची साक्ष तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ देतं. कदंबांच्या काळातलं, काळ्या बेसाल्टचं, रानाच्या पोटात नदीकाठी उभं. त्या भागात तसा दगड नाही, तो घाटावरून उतरवून आणला असं मानतात. आठशे वर्षांपूर्वी जी वाट देवळाचे चिरे वाहू शकत होती, ती काही पाऊलवाट नव्हती.

पण या वाटा धबधबा टाळून जात. लादलेला बैल कडा उतरू शकत नाही. त्याला पायाखाली वळणं लागतात, पाणवठा लागतो, मुक्कामाला माळ लागतो. दूधसागरच्या अंगाला तसलं काहीच नव्हतं. कडा, खोल दरी, बारा महिने ओल. म्हणून तिथलं रान तसंच राहिलं. कुऱ्हाडीला तिथवर पोचून लाकूड बाहेर काढणं परवडत नव्हतं. आमच्याकडं जुनं रान दोन कारणांनी टिकलेलं दिसतं. एक देवाचं भय. सत्तरीतली निरंकाराची राय बघा, रानजायफळाची झाडं पाण्यात गुडघे मोडून बसल्यासारखी उभी आहेत, आणि देवाची राय म्हणून कुणी हात लावला नाही. दुसरं कारण कड्याचं भय. दूधसागरचं रान या दुसऱ्या जातीचं.

ते भय मोडलं रेल्वेनं. आणि रेल्वे आली तीसुद्धा मिठाच्याच वाटेनं.

डिसेंबर १८७८ मध्ये लिस्बनला इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला. तो १८८० पासून बारा वर्षं चालला. गोवा आणि इंग्रजी मुलूख यांच्यातली जकात उठली आणि गोव्याच्या मिठावर इंग्रजांचा ताबा आला. मुरगाव बंदर बांधायचं आणि तिथून घाट चढून इंग्रजी हद्दीपर्यंत लोहमार्ग न्यायचा, हेही ठरलं. हुबळी-धारवाडचा कापूस मुरगावला उतरेल आणि गोव्याची भरभराट होईल, असा हिशेब. मिठागरवाल्यांचं त्यात कंबरडं मोडलं, ती वेगळी कथा आहे. पण रूळ आले. सपाटीवरचा भाग १८८७ मध्ये सुरू झाला आणि १८८८ मध्ये गाडी कॅसलरॉकला पोचली.

सपाटीवरचं काम सोपं. कुळ्यापासून कॅसलरॉकपर्यंतचा सव्वीस किलोमीटरचा घाट मात्र जीव खाणारा. आजही तिथं चढ सदतीसाला एक आहे. सदतीस फूट पुढं गेलं की एक फूट वर. रस्त्याच्या गाडीला हे काहीच नाही, पण लोखंडी चाकाला लोखंडी रुळावर हा चढ म्हणजे भिंत. अजूनही मालगाडीला मागून इंजिनं जोडून ढकलावं लागतं. डोंगर पोखरून बोगदे काढले, दऱ्यांवर पूल टाकले, आणि एक पूल थेट धबधब्याच्या अंगावरून नेला. वरून पाणी येतं, पुलाखालून जातं आणि पुढं परत उडी घेतं. सुरुंग कुणी लावले, दगड कुणी डोक्यावरून वाहिले, थंडीतापानं किती गेले, त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत. आज्याच्या बापाच्या वेळची ती गोष्ट. आज्या एवढंच सांगायचा, "घाटात कामाला गेलेलं मानूस पावसाळा काडून परत आलं, तर घरात गोड करत व्हते."

भरभराटीचा हिशेब चुकला. देशावरून मुंबईला जाणारे रूळही त्याच सुमारास जोडले गेले आणि बराच माल तिकडं वळला. १८९२ मध्ये करार संपला, परत नवा झाला नाही, जकातनाकी पुन्हा बसली. १९०२ पासून गोव्यातला हा मार्गही इंग्रजी हद्दीतली सदर्न मराठा रेल्वे कंपनी चालवू लागली. १९०८ मध्ये तिची 'मद्रास अँड सदर्न मराठा' झाली. त्यामुळं आज्यासारख्या माणसांची स्थिती मजेशीर होती. पगार इंग्रजी हद्दीतल्या कंपनीचा, रूळ पोर्तुगालच्या जमिनीवर, आणि भाकरी खानापूर तालुक्यातल्या नाचणीची.

कापूस आला नाही, पण माणसं आली. पोटापाण्यासाठी मुंबईला निघालेला गोव्याचा गडी, मग तो जहाजावरचा खलाशी असो, बँडातला वाजंत्री असो की कुणाच्या घरचा आचारी, या घाटानं वर चढे. कुळ्याला पोर्तुगीजांची झडती, कॅसलरॉकला इंग्रजांची. या दोन झडत्यांच्या मधे दूधसागर. बहुतेकांनी तो आयुष्यात पहिल्यांदा बघितला तो असा, खिडकीतून, ट्रंकेवर हात ठेवून, घर सुटल्याच्या किंवा घर जवळ आल्याच्या क्षणी. त्यामुळं परगावी राहणाऱ्या जुन्या गोवेकरांपुढं दूधसागर म्हटलं की त्यांना पाण्याच्या आधी ती गाडी आठवते. धबधबा 'दिसायला' लागला तो इथून. त्याआधी तो गवळी-धनगरांना माहीत होता, वेळिपांना माहीत होता, पण तो माणसांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर नव्हता.

आज्याचं काम पावसाळी गस्तीचं. रात्री खांद्यावर पिशवी, हातात कंदील, अंगावर इरलं, आणि ठरलेल्या मैलातून एकट्यानं चालायचं. पुढच्या हद्दीचा गडी भेटला की त्याच्याशी बिल्ला बदलायचा आणि परत फिरायचं. बिल्ला बदलला याचा अर्थ मधला रूळ शाबूत. पिशवीत फटाके असत. रुळावर बांधायचे, इंजिनाचं चाक वरून गेलं की आवाज होऊन ड्रायव्हर सावध होतो. जळवा पोटऱ्यांना लोंबकळायच्या, त्या चुना-तंबाखूनं सोडवायच्या. गवा रुळावर उभा असला तर थांबायचं. गवा काही आपल्यासाठी हलत नाही.

कंदिलाचा उजेड त्या धुक्यात चार पावलांपलीकडं जात नसे. म्हणून गस्तीवाला कानानं चालायचा. प्रत्येक ओहोळाचा आवाज त्याला पाठ. एका रात्री, मी जन्मायच्या बऱ्याच आधीची गोष्ट, पाऊस कोसळत असताना आज्याला एका मोरीपाशी पाणी नीट ऐकूच आलं नाही. पाऊस वाढतोय आणि ओहोळ गप होतोय, हे उलटं. तो तिथंच थांबला. वर कुठंतरी माती आणि झाडं अडकून पाणी तुंबलं असणार, आणि ते फुटलं की रुळासकट खाली येणार. तो मागं पळाला, गाडी येणार त्या अंगाला फटाके बांधले आणि लाल कंदील हलवत उभा राहिला. गाडी थांबली. ड्रायव्हर उतरून शिव्या द्यायला लागला, कारण पुढचा रूळ तर साफ दिसत होता. त्यांचं बोलणं चालू असतानाच वरचा बांध फुटला आणि मोरी माती-दगडासकट दरीत गेली. आज्याला याचं बक्षीस म्हणून काय मिळालं, ते आमच्या घरात कुणाला आठवत नाही. आज्जीला एवढंच आठवायचं, की तो दोन दिवस जेवला नाही आणि मग एकदम चार भाकऱ्या खाल्ल्या.

ही गोष्ट मी नातवाला सांगितली तेव्हा तो म्हणाला, "आजोबा, आता सेन्सर असतात." असतील. पण २३ जुलै २०२१ ला, कोकणात चिपळूण बुडालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, दूधसागर आणि सोनावली या स्टेशनांच्या दरम्यान दरड आली आणि कोकण रेल्वे बंद म्हणून या घाटातून वळवलेली मंगळूर-मुंबई गाडी रुळावरून घसरली. नशिबानं माणसं वाचली. डोंगर अजून तोच आहे, माती तीच आहे.

सत्तेचाळीस साली देश स्वतंत्र झाला, पण कुळ्याच्या नाक्यावर पोर्तुगीज शिपाई तसाच उभा. १५ ऑगस्ट १९५५ ला देशभरातून आलेले सत्याग्रही बिनहत्यारी गोव्यात शिरले. पत्रादेवीला शिरले तसे कॅसलरॉकच्या बाजूनं रुळावरूनही शिरले. पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. त्यानंतर भारत सरकारनं नाकेबंदी केली आणि घाटातली गाडी बंद पडली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत हद्दीपलीकडं धबधब्याखालून एकही गाडी इकडं आली नाही. सोयरीक तुटली, मासळी बंद, पलीकडं दिलेल्या लेकी पलीकडंच. त्या सहा-सात वर्षांत रानानं रुळाच्या दोन्ही अंगांनी हात पुढं केले. गाडी परत सुरू झाली तेव्हा वडील त्याच गँगमध्ये लागले होते. ते सांगत, पहिले काही महिने लोखंडाचं काम कमी आणि कोयत्याचं जास्त.

मी पहिल्यांदा गेलो तो वडिलांच्या मागं लागून, सहाव्या-सातव्या इयत्तेत. छोट्या रुळावरची गाडी, कोळशाचं इंजिन. पुलापाशी गाडी आली तशी खिडकीतून तुषार आत यायला लागले. बायकांनी पटापट शटर ओढली, आमच्या डब्यातल्या एका म्हातारीनं आडव्या फटीतून हात बाहेर काढला आणि ओले झालेले तळवे कपाळाला लावले. आम्ही स्टेशनात उतरलो. तिथं गाव नाही, रस्ता नाही. चार क्वार्टर्स, पाण्याची टाकी आणि रान. मीठ-मिरची, रॉकेल, तापाच्या गोळ्या, सगळं गाडीनं येणार. बाळंतीणसुद्धा गाडीनंच जाणार, आणि गाडी चुकली तर दुसऱ्या गाडीपर्यंत देवाच्या हवाली. तिथं राहणाऱ्या बायकांशी बोललो तर धबधब्याबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. "कपडे वाळत न्हाईत बगा," एवढंच म्हणाल्या.

१९६९ मध्ये हे रान अभयारण्य झालं, पुढं भगवान महावीर अभयारण्य म्हणून ओळखलं जाऊ लागलं. क्षेत्र २४० चौरस किलोमीटर. त्यातला १०७ चौरस किलोमीटरचा गाभा १९७८ मध्ये मोले राष्ट्रीय उद्यान झाला. कड्याचं भय संपलं होतं, त्याच्या जागी कायद्याचं भय आलं. रानासाठी ते बरंच झालं. पण पिढ्यान्‌पिढ्या म्हशी घेऊन रानात फिरणाऱ्या गवळी-धनगरांना एका सकाळी आपण रानातले उपरे आहोत असं कळलं. दोन्ही खरं आहे, आणि एक सांगताना दुसरं गाळू नये.

नव्वदच्या दशकात छोटे रूळ जाऊन मोठे आले. २०१३ च्या एका हिंदी सिनेमात हा पूल आणि हे पाणी दिसलं आणि मग गर्दीला धरबंद राहिला नाही. पोरं रुळावरून चालत जायला लागली. काही पाण्यात गेली, परत आली नाहीत. शेवटी रेल्वेनं रुळावरून चालणं आणि धबधब्यासाठी तिथं उतरणं बंद केलं. आता पाऊस ओसरल्यावर कुळ्याहून जीप जाते, वनखात्याचं तिकीट काढून, नदी ओलांडत. पुढं थोडं पायी. कुळ्या-मोल्याची कितीतरी घरं या जीपवर जगतात. चार महिने पावसात धंदा बंद, आठ महिन्यांत वर्ष काढायचं.

गेल्या खेपेला नातवाबरोबर याच वाटेनं गेलो. जीप उंच झाडीत शिरली आणि दुपारी बारा वाजता संध्याकाळ झाली. किंदळ, नाणा, ऐन ओळखीचे. आतल्या ओलीत नागचाफा, भेर्ली माड, आणि झाडांना विळखा घालून वर गेलेला वेत. डोक्यावरून धनेश गेला. त्याच्या पंखांचा आवाज आधी येतो, पक्षी मागून दिसतो. झाडांची खोडं सरळ वर गेलेली, पन्नास-साठ फुटांपर्यंत फांदी नाही. नातू खोडाला मिठी मारायला गेला, हात पुरले नाहीत. त्याच्या पायाखाली पाचोळा कणकेसारखा मऊ. मी त्याला म्हटलं, पाय रोवून बघ. त्यानं टाच दाबली तर खळग्यात पाणी जमलं. पाऊस संपून महिना झाला होता. जानेवारी-फेब्रुवारीतसुद्धा खांडेपारला पाणी असतं ते या पाचोळ्यात आणि मुळांत धरून ठेवलेलं. आकाशातून पडणारं पाणी चार महिन्यांचं, बाकीचे आठ महिने रान पाजतं.

म्हणूनच घाटात दुसरा रूळ टाकायचं ठरलं तेव्हा जो वाद पेटला, तो नुसता झाडांचा नव्हता. दुपदरी लोहमार्ग, रुंद महामार्ग आणि विजेची मोठी वाहिनी, तिन्ही याच रानातून. २०२० च्या नोव्हेंबरात चांदरला हजारो माणसं रात्री रुळावर येऊन बसली. हा रूळ मुरगावहून कोळसा वर न्यायला हवाय, असं त्यांचं म्हणणं. आमच्या गावात मतं दोन. एक जण म्हणाला, "गाड्या वाडल्या तर पोरान्ला नोकऱ्या लागतील. तुमचं काय, तुमची पेन्शन चालू हाय." त्याचंही खोटं नाही. ज्याच्या घरात दोन पिढ्या रेल्वेच्या पगारावर जेवल्या त्यानं रुळाला नावं कशी ठेवायची? सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या समितीनं एप्रिल २०२१ मध्ये दुपदरीकरणाविरुद्ध मत दिलं, आणि ९ मे २०२२ ला न्यायालयानं त्याला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. तूर्त रूळ एकच आहे. म्हादईच्या पाण्यावरून राज्याराज्यांत भांडण आहे, २०१८ मध्ये लवादाचा निवाडा आला तरी ते मिटलेलं नाही. वरच्या अंगाला माणसं तहानलेली आहेत हेही आम्ही डोळ्यांनी बघतो.

या सगळ्यात मला आज्याची ती मोरी आठवते. तिथं धोका दिसत नव्हता, पुढचा रूळ साफ होता. ओहोळ गप झाला होता एवढंच. दूधसागर पावसाळ्यात गर्जतो, तेव्हा त्याला काही झालंय असं कुणालाच वाटणार नाही, आणि फोटोही झकास येतील. खरी परीक्षा एप्रिल-मेची. ज्याला हा धबधबा कसा आहे हे जाणून घ्यायचंय, त्यानं गर्दी ओसरल्यावर उन्हाळ्यात जावं, कड्यावरची बारीकशी धार बघावी आणि कान देऊन ऐकावं. ती धार अजून उन्हाळाभर टिकते. जोवर ती टिकते तोवर वरचं रान आपलं काम करतंय असं धरायला हरकत नाही.